अकरा एप्रिलचा होकार

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट,
१२ सप्टेंबर २०२१

ती. समताताईस,
बळवंतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही ठीक. ऑफिसने आम्हां मॅनेजरांना 'नीट ऐकणं' शिकवायला दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं होतं, अर्थात लॅपटॉपवरच. समोरच्याने बोलायचं, आपण गप्प राहायचं, मग त्याचं म्हणणं त्यालाच सांगून दाखवायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी मला कान असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. तेजल म्हणते, फ्रेम करून लाव, भांडताना पुरावा राहील.

शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी घरच्या माणसाशी झालेलं एखादं बोलणं आठवून सांगायला लावलं. मी बाबांचा शेवटचा फोन निवडला, अकरा एप्रिल, रविवार. ताई, त्यांचं एक वाक्य आठवेना. फोन स्पीकरवर ठेवून मी सोमवारचं प्रेझेंटेशन करत होतो. आठवतो तो माझाच आवाज, "हं, बरोबर आहे." आता भांडी घासताना, मीटिंगमध्ये, तोच ऐकू येतो. मी कशाला बरोबर म्हटलं होतं? तू खोलीत होतीस. फोनवर विचारायचा धीर नाही, म्हणून पत्र.

माया आहे तशी असू दे.
तुझा बळवंत

नागपूर,
४ ऑक्टोबर २०२१

चि. बळवंतास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. बाबांना दोन दिवस ताप होता. दवाखान्यात चला म्हणून मी मागे लागले होते. म्हणाले, बळवंतला विचारतो, तो शिकलेला आहे. (मी एम. ए., बी. एड.; ते जाऊ दे.) त्यांनी तुला विचारलं, "घरीच राहिलो तर बरं, नाही का रे?" तुझं उत्तर तुला आठवतंच आहे. फोन ठेवून माझ्याकडे बघून जिंकल्यासारखे हसले. रविवारी दवाखान्यात खाट मिळत होती. बुधवारी, जयंतीच्या दिवशी, मी वणवण फिरले, एकही नव्हती.

चुकीचा सल्ला दिलास म्हणून पाच महिने तुझ्यावर राग धरला. आता कळतंय, तू सल्ला दिलाच नव्हतास. यातला कोणता राग बरा, ते ठरत नाही.

जेवत जा. रागातही लोभ असतो, तो ओळखून राहा.
समताताई

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट,
२४ ऑक्टोबर २०२१

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तेव्हापासून बाबांचा प्रश्न ऐकू येतो, शब्दन्‌शब्द. ऑफिसात म्हणतात, बळवंत हल्ली छान ऐकतो. कोणाचं, ते त्यांना कुठे ठाऊक. काम थांबलं की मी मोठ्याने उत्तर देतो: बाबा, ताईचं ऐका, दवाखान्यात जा.

काल असंच बोलत होतो, तर मीरा दाराशी उभी होती. आठ वर्षांची पोर; मराठी सगळं कळतं, बोलते डचच. मराठीत विचारलं तिनं, मग आजोबा गेले का दवाखान्यात? मी नाही म्हणालो. का, म्हणाली. तेव्हा तुला लिहिलं होतं ते सगळं तिला सांगितलं.

ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, मी बोलते तेव्हाही तू असंच करतोस?

मी हो म्हणालो.

राग तू ठरवशील तो. लोभ मात्र मागून घेतो आहे.
तुझा बळवंत