कुंपणावरून दिलेलं हेल्मेट

वुलनगाँग
सोमवार, ८ जून २००९

प्रिय टॅम,

कशी आहेस? नऊ वर्षांनी विचारतेय, तेव्हा उत्तर एका ओळीत मावणार नाही हे कळतंय मला. मी बरी आहे, डावा गुडघा सोडला तर. इथे थंडी पडलीय. तुमच्या टास्मानियातली माणसं हसतील असली थंडी, पण सकाळी समुद्राकाठच्या पोहण्याच्या तलावात उतरताना तोंडातून अजूनही शिवीच येते. आज राणीच्या वाढदिवसाची सुट्टी, म्हणून शाळा बंद. मी आता शाळेत खेळ शिकवते. पोरं मला ‘मिस’ म्हणतात आणि मी मागे वळून बघते की कोण आलं.

तुझा पत्ता नोलाकडून घेतला. चेरीची बाग आहे म्हणे तुमची. छान.

आपला म्हातारा कोच गेला, टॅम. रेग गेला. तीस मेला, शनिवारी. तुला कळलं असेलच, नोलाने फोनवर नवरा गेल्याचा निरोप ठेवला होता म्हणाली. शुक्रवारी अंत्यविधी झाला. लाइफसेव्हर क्लबच्या हॉलमध्ये नंतर सगळे जमले. सॉसेज रोल, लॅमिंग्टन केक, चहा, बिअर. रेगच्या कारखान्यातले जुने फिटर एका बाजूला आणि आपले सगळे पायांचे केस काढलेले ट्रायथलॉनवाले एका बाजूला. त्यातला एक फिटर मला विचारतो, “काय गं, एकाच सकाळी पोहायचं, सायकल मारायची आणि वर धावायचं, हे खूळ नक्की कुणाच्या डोक्यातून निघालं?” मी म्हटलं, “कुणाच्या ते माहीत नाही. आमच्या डोक्यात रेगने घातलं.” तो म्हणाला, “वाटलंच. कारखान्यात पण एका पाळीत तिघांची कामं करायचा.”

खूप हसलो. तू हवी होतीस.

मग नेहमीचे किस्से निघाले. एकोणनव्वद साली पहिलं जागतिक अजिंक्यपद फ्रान्सला झालं, तेव्हा रेगने पोरांच्या सायकली फ्रिजच्या खोक्यांत भरून नेल्या आणि तिथला कस्टमवाला फ्रिज शोधत बसला, तो किस्सा. आणि चौऱ्याण्णवचा तर तुझ्यामाझ्या डोळ्यांसमोरचा. आपण लांबी मारत होतो आणि म्हातारा बुटांसकट पाण्यात उतरला, पेपर डोक्यावर धरून. “थांबा गं पोरींनो, थांबा! ऑलिम्पिकमध्ये घेतला आपला खेळ! सिडनीला! आपल्या दारात!” तू म्हणालीस, “रेग, बूट.” त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, “बूट गेले खड्ड्यात.” तेव्हा आपण एकोणीस वर्षांच्या होतो. सिडनी गाडीने दीड तासावर, आणि तिथे पोचायला सहा वर्षं हातात.

तर मुद्दा असा, की एकवीस तारखेला, रविवारी, त्याची राख तलावापलीकडे समुद्रात सोडायची आहे. सकाळी दहाला, ओहोटी असताना. नोलाला तू यायला हवी आहेस. तिने मला सांगितलं, “तू लिही डेल, तुझं ती ऐकेल.”

ये ना. एवढंच लिहायला बसले होते.

मंगळवार

काल हे पाकिटात घातलं आणि परत काढलं. “ये ना” म्हटल्यावर तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. “ज्याने माझ्या हेल्मेटला बक्कल लावून ठेवलं, त्याच्या राखेला मी कशाला येऊ?”

बरोबर आहे. मग त्याबद्दलच लिहायला हवं.

आधी आपल्या दोघींचं. तुला पोहणं कधीच नीट जमलं नाही. राग मानू नकोस, खरं आहे. मी पुढे आणि तू माझ्या पायांमागे, माझ्या फेसात, वीतभर अंतरावर. रेगचं ठरलेलं वाक्य होतं, “जगात कुणाचे पाय धरू नका. पाण्यात मात्र डेलचे धर आणि सोडू नकोस.” नियमात बसतं, सगळेच करतात. पण सगळे जण तुझ्यामाझ्यासारखे वर्षानुवर्षं करत नाहीत. तू माझ्या पायांमागून फुकट किनाऱ्याला यायचीस आणि शेवटच्या दहा किलोमीटरला मला मागे टाकून हरणासारखी निघून जायचीस. जाताना वर म्हणायचीस, “चल गं, आळशे!”

पूर्वी निदान सायकलवर माझी बाजू होती. प्रत्येकाने आपापलं एकटं वारा खात जायचं, दुसऱ्याच्या मागे लपायचं नाही. पंच्याण्णवला तो नियम उठला. तेव्हापासून सायकलींचा घोळका. पुढच्या घोळक्यात असलात तर ओढले जाता, सुटलात तर मेलात. रेग म्हणाला होता, “आता ही एकट्याची शर्यत राहिली नाही. आता दहा सेकंद मागे पडलं की माणूस संपतो.” तुझ्यासारख्या धावणारीसाठी हा नियम म्हणजे वरदानच. पाण्यात माझे पाय, सायकलवर घोळका, आणि मग मोकळं रान.

मला हे टोचायचं, टॅम. कधी बोलले नाही. हसण्यावारी न्यायचे.

आता कॉफ्स हार्बरची निवड शर्यत. संघात एकच जागा उरलेली, पहिली येईल ती सिडनीला, दुसरी येईल ती राखीव. तू हेल्मेट पट्टा आखूड करायला रेगकडे दिलं होतंस. आणि दंडावर नंबर उमटवून घ्यायच्या आधीच सनस्क्रीन चोपडून बसलीस. नंबर धरेचना. नंबर उमटवणारी बाई तुझा हात स्पिरिटने घासत होती आणि तू ओरडत होतीस, “बाई गं, कातडी राहू दे!” इकडे सायकली आणि सामान लावून ठेवायचा सायकलतळ बंद व्हायला पाच मिनिटं. प्रशिक्षकांना आत सोडत नाहीत. तुला वाटलं रेग गोड बोलून आत घुसला आणि त्याने हेल्मेट तुझ्या सायकलवर ठेवलं. त्यानेच तसं सांगितलं तुला.

तो आत आलाच नव्हता. त्याने कुंपणावरून ते मला दिलं. “टॅमच्या हँडलवर ठेव, पटकन.”

आठवतं ना, तो हेल्मेटं कशी न्यायचा? बक्कल लावून, कोपरात अडकवून, दुधाच्या किटलीसारखी. पाच-पाच, सहा-सहा. तसंच दिलं त्याने. आणि मी ते तुझ्या हँडलवर ठेवलं.

दुसऱ्याच्या सामानाला हात लावला की आपण बाद, हा नियम रेगला पाठ होता. म्हणून तुझ्यापुढे त्याने सगळं अंगावर घेतलं. गाडीतळावर तू त्याच्या तोंडावर म्हणालीस, “तुला तिलाच न्यायचं होतं ना? मग सरळ सांगायचं होतंस!” आणि तो नुसता उभा राहिला, टोपी हातात घेऊन. तो खोटं बोलला ते माझी राखीव जागा वाचवायला. तुझं वाकडं व्हावं असं त्याच्या मनात कधीच नव्हतं.

झालं. आता तरी ये.

बुधवार, मधल्या सुट्टीत

नाही झालं.

कालचं परत वाचलं. वाचणाऱ्याला वाटेल डेल बिचारी, घाईत होती, तिच्या काय लक्षात येणार. मी लिहिलंच तसं. मला तसं लिहायची सवय झालीय.

मी बघितलं होतं.

हेल्मेट उलटं ठेवायचं, पट्टे दोन्हीकडे मोकळे सोडायचे. आपण हे झोपेतही करू. ते हँडलवर ठेवलं तेव्हा पट्टा मोकळा पडला नाही. बंद होता, छोट्या पाळण्यासारखा. मी बघितला. अंगठ्याने दाबलं असतं की सुटलं असतं. माझं बोट त्याच्यावर होतं, टॅम. आणि मी हात काढून घेतला आणि माझ्या सायकलकडे जाऊन माझे बूट नीट लावत बसले. नीटच होते ते.

मग तू धावत आलीस, दंड लालेलाल, आत यायला पंचांनी मनाई केली. तू कुंपणापलीकडून ओरडलीस, “डेल! माझं सगळं ठीक आहे ना?”

मी म्हटलं, “हो, सगळं ठीक.”

तुला हे आठवत असणार. एवढी वर्षं तू मनात म्हणाली असशील, डेलला बिचारीला कुठे माहीत होतं. म्हणून तर तू माझ्याशी भांडली नाहीस, नुसती निघून गेलीस. राग सगळा त्याच्या वाट्याला.

पुढे काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पाण्यात तू पूर्ण दीड किलोमीटर माझ्या पायांमागे होतीस. मला दर हाताला जाणवत होतं. दोन-तीनदा तुझी बोटं माझ्या तळव्याला लागली. मी मनात म्हणत होते, आता थांबून सांगते. शर्यतीत कोण थांबतं? बाहेर आलो. मी हेल्मेट घातलं, पट्टा लावला, सायकल काढली. मागे तू बधिर बोटांनी ते बक्कल उघडत होतीस. पट्टा लागल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही. अकरा सेकंद. घोळका गेला. मी त्या घोळक्यात होते. कुणीतरी मागे बघून म्हणालं, “टॅम केलवे सुटली!” आणि सगळ्यांनी वेग वाढवला. मीही.

चाळीस किलोमीटर तू एकटी वाऱ्यात. आणि तरी त्या दिवशी सगळ्यांत वेगात धावलीस ती तूच. पाचवी आलीस. मी दुसरी.

म्हणजे राखीव. ज्यासाठी हे केलं ते हे. सप्टेंबरात त्या शर्यतीच्या दिवशी मी ऑपेरा हाउसजवळ संघाचं जॅकेट घालून उभी होते, हातात कुणाची तरी पाण्याची बाटली. आपल्या खेळाची ऑलिम्पिकमधली पहिलीवहिली शर्यत, आणि मी ती लोकांच्या डोक्यांवरून टाचा उंचावून बघितली. शेजारच्या बाईने विचारलं, “तू पण खेळतेस का?” मी नाही म्हटलं.

रेगने मला एकदाच विचारलं होतं, कॉफ्सहून परत येताना गाडीत. “तुला दिसलं नाही का गं, बक्कल लागलेलं?” मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, “कसं दिसणार, घाईच इतकी होती. माझीच सवय नडली.” आणि नंतर कधीही हेल्मेट कोपरात अडकवून नेलं नाही त्याने. छातीशी धरून न्यायचा, एकेक. नव्या पोरी हसायच्या. “रेग, बाळ आहे का ते?”

मेमध्ये दवाखान्यात त्याला धड काही कळत नव्हतं. नोलाला तो आई म्हणायचा. मला मात्र ओळखलं आणि म्हणाला, “डेल, टॅमचं हेल्मेट बघ. उघडं आहे का बघ.” मी म्हटलं, “बघितलं, रेग. उघडं आहे.” त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, “मग पोरगी जाते सिडनीला.”

एवढा हलका झालेला चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. आणि ते माझ्या खोट्यामुळे. खरं सांगायला त्याच्या उशाशी तीन आठवडे होते मला. रोज द्राक्षं घेऊन जायचे.

गुरुवार

हे पोस्टात टाकायच्या आधी एक काम बाकी होतं, ते आज सकाळी केलं. नोलाकडे गेले. तुला कागदावर सांगायचं आणि तिला एकवीस तारखेला मिठी मारायची, हे शोभलं नसतं.

स्वयंपाकघरात बसवून तिने चहा टाकला. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलंय तसंच, न थांबता. तिने किटली बंद केली. चहा ओतलाच नाही.

“रेगला माहीत होतं?” तिने विचारलं.

“नाही.”

“म्हणजे नऊ वर्षं तो समजत होता की त्याच्यामुळे झालं.”

“हो.”

“दर नाताळला तिला कार्ड लिहायचा. दोन ओळी लिहायला दोन तास. आणि तू इथेच या खुर्चीवर बसून नाताळचा केक खात होतीस, डेल्विन.”

तिने मला आजवर कधी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती. मग शांतपणे म्हणाली, “रविवारी तू येऊ नकोस. टॅमला मात्र लिही. तिला सगळं लिही, एक शब्द गाळू नकोस.”

गाळला नाही. मला माफ कर असंही लिहीत नाहीये, कारण मग तुला त्याचं उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी काही लादायचा मला हक्क नाही. तू फक्त त्याच्यासाठी ये. त्याने तुझं काही वाईट केलं नव्हतं. हे त्याच्या जिवंतपणी तुला कळायला हवं होतं, आणि ते कळवू शकेल असं माणूस जगात एकच होतं.

नोलाचा हात धर. ती म्हणेल नको, तरी धर. खडक निसरडे आहेत. तिच्या एका बाजूला तू असशील. दुसरी बाजू मोकळी राहील, तिथे कुणाला उभं करायचं ते तुम्ही दोघी ठरवा.

जिला त्या दिवशी तिथे यायला मनाई आहे,
ती
डेल्विन