हलक्या स्की

जिर्गालान, किर्गिझस्तान

प्रिय दादा, धाकटीचा वाकून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. तुझ्या मेहुण्यांना, झेनिशना, लघिमा सिद्धी लाभली आहे: हलक्या स्की घेतल्या. म्हणे, "घोडी म्हातारी झाली गं, तिला ओझं नको." माझ्या पाठीची अशी कणव कधी आली नाही!

भुसभुशीत बर्फात त्या पिसासारख्या तरंगतात. वाऱ्याने घट्ट झालेल्या बर्फावर मात्र थरथरतात, वळताना पकड सोडतात. कालपासून वारा आहे. सकाळी म्हटलं, "आज जुन्या जड न्या." "घोडीला विचार," म्हणत हसत गेले.

वहिनींचा खोकला थांबला का?

हे स्की लादून घोडीवरून डोंगरमाथ्यावर जातात; तिथे मोकळी सोडलेली घोडी एकटी घरी येते. हे स्कीवरून नेहमी आधी पोहोचून तिच्यासाठी फाटक उघडतात. आज ते मी उघडलं.

शेजारी वर शोधायला गेलेत. काळजी करू नकोस. ती मी करते आहे.

तुझी,
वत्सला