आतल्या दुमडीतले धागे

३ मार्च, मंगळवार

धाकट्याला पकडलं! बेकरीतून घरी येत होता, अंगावरचं पीठसुद्धा झटकलं नव्हतं. औषधाच्या दुकानाची काच फोडून गल्ला पळवला म्हणे. का तर शेजारचा दुकानदार सांगतो, "काळा पोरगा पळताना दिसला." आमच्या वस्तीत गोरं कोण आहे? सगळ्यांनाच न्या ना मग!

चौकीत आणखी एक मुलगा होता. बंगल्यातला, गोरापान, कोपराला पट्टी. त्याला खुर्ची, चहा — "बाळा, घरी फोन केलास का?" माझा भाऊ जमिनीवर उकिडवा, त्याला नुसतं "ए!" त्या मुलाची आई माझ्या शेजारीच उभी होती, अगदी खेटून. साहेब आले, हसले, मायलेक घरी गेले. मला साहेब म्हणाले, "तुम्ही लोक पोरांना आवरत का नाही?" अंगाचा तिळपापड झाला.

५ मार्च

जामीन नाही. "भाड्याची खोली, पक्का पत्ता नाही, पळून जाईल." कुठे पळेल? बस कुठली पकडायची तेही मला विचारतो! आम्हाला दिलेल्या सरकारी वकिलाने त्याचं नाव दोनदा चुकवलं.

६ मार्च

रजा मागितली. टेलरमास्तर म्हणाले, "आधी हे उरक, अर्जंट आहे." कुणाचा तरी ड्रायव्हर कोट ठेवून गेला होता. निळा, लोकरीचा, भारी. कोपरावर फाट, मधला तुकडाच गायब. सगळा राग सुईत ओतला. कोटाचेच धागे आतल्या दुमडीतून काढायचे आणि त्यांनीच फाट विणायची, ही आमची रफूची रीत. मास्तरांनी उजेडात धरून पाहिला. "कुठे फाटला होता गं?" एवढ्या दिवसांत तेवढंच बरं वाटलं.

८ मार्च

आईने डबा नेला. तसाच परत आणला. "साहेब नाहीत."

१० मार्च

आज कोर्टात पुरावा दाखवला. काचेत अडकलेली चिंधी. निळी. लोकरीची!

भावाच्या अंगात बेकरीचा पांढरा सुती सदरा होता. मी ओरडलेच. "बाईंना बाहेर काढा!" आमचा वकील मोबाइल बघत म्हणाला, "कोट फेकून दिला असेल, असं म्हणतील पोलीस." कोट? त्याच्याकडे? जन्मात नव्हता!

आणि मग लक्षात आलं. त्या मुलाच्या कोपराची पट्टी. कोटाच्या कोपरावरची फाट. ती मीच बुजवली — माझ्याच हातांनी! हात तोडून टाकावेसे वाटतात. आता कुणाला काय दाखवू? कोटही गेला.

११ मार्च

बंगल्यातली बाई स्वतः दुकानात आली. कोट माझ्यापुढे टाकला. "आतली दुमड विरल्यासारखी दिसते. कापून नवी लाव. कुणाला कळता कामा नये." नवाकोरा कोट! दुमडीतले धागे तर मीच काढले होते. चौकीत खेटून उभी होती, तरी मला ओळखलं नाही. तोंडाकडे पाहिलंच नव्हतं ना.

"शुक्रवारी मिळेल?"

"शुक्रवारी नक्की," मी म्हणाले.

शुक्रवारी भावाची तारीख आहे. दुमड न कापता कोट तिथेच नेणार.