उषावहिनी रोटाला येणार नाही

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

लिंबायत, सुरत
दि. २० जुलै १९९७

ति. स्व. प्रमिलाअक्कास,
धाकट्या लोटूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व खुशाल म्हणवत नाही. शेजारच्या खोलीतली आपली उषावहिनी, बळीरामदादा गेल्यापासून मार्केटमधल्या शेठच्या साड्या घरी आणून त्यांचे सुटे धागे कापून देते, हे तुला ठाऊक आहेच. पंधरा दिवसांपूर्वी ती नळावर गेली असताना आपली योगिता तिच्या घरात शिरली आणि एका साडीच्या पदराची वीतभर किनार कापून घेऊन आली. कशासाठी, तर बाहुलीला शालू हवा म्हणून. अकरा वर्षांची घोडी झाली, पण अक्कल काडीची नाही. वर विचारलं तर देवाशपथ नाही म्हणाली. शेठच्या माणसाने गल्लीत येऊन वहिनीला नाही नाही ते ऐकवलं आणि तिचं काम बंद केलं. चार दिवसांनी आमच्या सौ. जयश्रीला गादीखाली शालू नेसलेली बाहुली सापडली.

मी काही लाड केले नाहीत. दोन मुस्काटात दिल्या, कान धरून वहिनीच्या दारात नेली आणि पायावर डोकं ठेवायला लावलं. कार्टी भिंतीकडे बघत सॉरी म्हणाली. पण म्हणाली ना? वहिनीने पाय मागे घेतले आणि दार लावून घेतलं. आता म्हणते, यंदा कानबाईच्या रोटाच्या पंगतीला येणार नाही आणि रोटाच्या दळणालाही हात लावणार नाही. दहा ऑगस्टला कानबाई बसायची आहे, यंदा आपल्या घरी, आणि चुलतभावाची बायको भिंतीपलीकडे असून रोटाला नाही. भाऊबंदांत काय तोंड दाखवू? पोरीने माफी मागितली, अजून काय पाहिजे या बाईला? तू मोठी आहेस, चार ओळी लिहून तिला समजाव.

दाजींना नमस्कार. आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
लोटू

—

पारोळा
दि. २६ जुलै १९९७

चि. लोटूस,
अ. उ. आ. आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. मनात या घडीला संतापच आहे.

तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले. लगेच लिहायला बसले असते तर भलतंच काही लिहून गेले असते. तुमच्या गल्लीतला दगाभाऊ परवा गावी आला होता. तू पत्रातून जे गाळलंस ते त्याने सांगितलं. शेठचा माणूस आला त्या सकाळी उषा एवढंच म्हणाली होती की योगिताशिवाय घरात कोणी आलेलं नाही. त्यावर तू नळावरच्या सगळ्या बायांसमोर ओरडलास की तिचे डोळे गेलेत, हात कापतात, साडी तिनेच खराब केली, आणि पोटी लेकरू नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकरावर खार खाते. शेठच्या माणसाने ते ऐकलं आणि मग काम बंद केलं. म्हणजे पोरीने किनार कापली आणि उषाच्या तोंडचा घास तू काढलास. हे लिहायच्या वेळी तुझी शाई संपली होती का?

आणि माफी मागायची कोणी, तर पोरीने. ती यातून काय शिकली ते सांगते. मान धरली की वाकायचं आणि सॉरी म्हणून सुटायचं. मारलं की पोर घाबरतं, पण आपल्यामुळे दुसऱ्याचं काय झालं हे त्याला माराने कळत नाही. उषाचं नाव जिथे खराब झालं तिथे जाऊन ते धुवायला हवं. योगिताला शेठपुढे उभी कर, साडी मी कापली हे तिच्या तोंडून निघू दे, आणि तू तिच्या शेजारी उभा राहा. मग नळावर जा. तिथलं काम तुझं आहे, पोरीचं नाही.

उषाला मी एक ओळही लिहिणार नाही. तिने काय समजून घ्यायचं? तिचा राग रास्त आहे.

सौ. जयश्रीला आशीर्वाद, ते मात्र मनापासून.

प्रमिला

—

लिंबायत, सुरत
दि. १ ऑगस्ट १९९७

ति. स्व. अक्कास,
नमस्कार. तुझे आशीर्वाद रीतीचे तर माझा नमस्कारही तसलाच समज.

दगाभाऊला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला बरा वेळ मिळतो. रात्रपाळी करून आलेला माणूस, डोकं तापलेलं, समोर आपल्या लेकीवर आळ. तोंडातून दोन शब्द गेले. त्यासाठी मी बाप्या माणसाने भर नळावर हात जोडायचे? कारखान्यात उद्या कोणी माझं ऐकेल का? आणि मार्केटला जायचं तर पाळी बुडते, ती वेगळी.

योगिताची नवी कथा ऐक. शाळेत एका मुलीला ढकललं, तिचा गुडघा फुटला. बाई जवळ येण्याआधीच हिचं सॉरी म्हणून झालं होतं. बाईंनी मला बोलावून सांगितलं की हिचं सॉरी खिशातच असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आणून पुन्हा बडवली. पोरगी आता माझ्याशी बोलत नाही.

वहिनीचं मी ठरवलं आहे. ती येत नाही तर न येवो. रोट झाला की ताट झाकून योगिताच्या हाती पाठवून देतो. जेवली म्हणजे राग गेला, आणि भाऊबंदांतही बोलायला जागा नाही.

राग धरलास तरी तोडू नकोस.

लोटू

—

पारोळा
दि. ५ ऑगस्ट १९९७

लोटू,
आज मायना नाही.

ताट झाकून पाठवणार? रोट म्हणजे गल्लीत वाटायचा पेढा वाटला का तुला? आपल्या घरात रोट कधी उंबऱ्याबाहेर गेलेला नाही. भाऊबंदांनी एका पंगतीत बसून तो खायचा, आणि रुसलेलं माणूस असेल तर आधी त्याच्या दारात जायचं. सुरतेला जाऊन माग चालवायला शिकलास आणि एवढं विसरलास? जिने यायचं नाही म्हटलं तिच्या दारात ताट ठेवणं म्हणजे तिला भाऊबंदांतून काढल्यासारखंच आहे. आणि तेही पोरीच्या हातून.

यात माझाही दोष आहे, तो लिहिते. लहानपणी तू कोणाच्या कैऱ्या पाडल्यास, कोणाचं मडकं फोडलंस की घरोघरी जाऊन पाया मी पडायचे. धाकटा आहे, जाऊ द्या म्हणायचे. तुझ्या वाटची माफी मी इतकी मागितली की तुला ती कधी मागावीच लागली नाही. चाळिशी आली तरी तू अजून कोणालातरी पुढे ढकलतोस. आधी बहीण होती, आता लेक आहे. मला याची फार लाज वाटते.

राखीपौर्णिमा अठरा तारखेला आहे. उषा रोटाच्या पंगतीला बसली असं कळलं तरच राखी पाठवीन.

प्रमिला

—

लिंबायत, सुरत
दि. १२ ऑगस्ट १९९७

ति. स्व. आत्यास,
योगिताचा सा. न. वि. वि.

बाबांनी तुम्हाला पत्र लिहायला घेतलं होतं, पण फाडलं. म्हणाले तूच लिही आणि काही गाळू नकोस.

शनिवारी बाबांनी पाळी बुडवली आणि मला मार्केटला नेलं. शेठ गादीवर बसून फोनवर बोलत होते, आम्ही खूप वेळ उभे होतो. मग मी गुजरातीत सांगितलं की साडी मी कापली आणि खोटंही बोलले, उषाकाकूने काही केलं नाही. शेठ म्हणाले, पोरीला पढवून आणलं असेल. तेव्हा बाबा म्हणाले की काकूचे हात कापतात हे मी रागाने खोटंच बोललो होतो. त्यावर शेठ म्हणाले की एक गठ्ठा पाठवून बघतो, पुढचं पुढे.

रविवारी सकाळी नळ आला तेव्हा बाबा तिथे गेले. कारखान्यात मागांच्या आवाजात बोलायची सवय आहे, तशाच मोठ्याने बोलले. सगळ्या बाया घागरी सोडून बघत राहिल्या. ते म्हणाले की वहिनीचे डोळेही नीट आहेत आणि हातही, लेकराचं बोललो ते तर बोलायलाच नको होतं. मग अहिराणीत म्हणाले, मन्हं चुकनं. काकूने हंडा भरला आणि घरी निघून गेली. मला वाटलं झालं, आता ती येणारच नाही.

मग बाबा तिच्या दारात गेले आणि जेवायला चल म्हणाले. ती म्हणाली की येईन, पण आधी बोलीन.

पानं वाढली होती. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. सगळे भाऊबंद बसले होते. काकू उभीच राहिली आणि बोलायला लागली. बळीरामकाका गेल्यावर तिने कोणापुढे हात पसरला नाही ते, आणि नळावरून घरी येऊन ती किती रडली ते. ती दर दिवाळीला माझ्यासाठी करंज्या करते, तेव्हा तिला लेकरू नाही हे बाबांना आठवलं नव्हतं का, असं तिने विचारलं. खूप वेळ बोलली. खीर गार झाली. आई मधे पडायला गेली तर बाबांनी तिला हाताने थांबवलं. ते खाली मान घालून ऐकत होते.

बोलून झाल्यावर काकू पंगतीत बसली आणि जेवली. बाबांशी मात्र बोलली नाही. हात धुताना ती मला म्हणाली की आज तुझ्या बापाचं झालं, तुझं राहिलं आहे, शाळा सुटल्यावर एकदा ये.

काल विसर्जन होतं म्हणून मी गेले नाही. खरं म्हणजे भीती वाटली. आज शाळा सुटली आहे. हे पत्र पेटीत टाकून मी तिच्याकडे जाणार आहे. बाबा सोबत येतो म्हणाले होते, पण मी त्यांना घरीच थांबायला सांगितलं.

माझ्यावर रागावल्या असाल तर मलाही येऊन बोला, मी ऐकेन.

तुमची,
योगिता