चार बोटांचा दादा

४ जून
ताईने ही वही दिली तेव्हा रोज लिहीन म्हणून छातीठोक सांगितलं होतं. त्याला वर्ष झालं, पहिल्या पानावर नुसता चहाचा डाग आहे. आळस, दुसरं काय! पण आज लिहायलाच हवं, कारण मला पडायची नोकरी लागलीय. गॅरेज, पेट्रोलपंप, लाँड्री, कुठेच बूड टेकलं नाही, आणि इथे बूड आपटायचाच पगार. मोठ्यांसाठीचा कार्टून सिनेमा बनतोय. मी गाद्यांवर धडाधड पडायचं, कॅमेऱ्याने टिपायचं, चित्रकारांनी त्यावरून माणूस काढायचा. माझं चित्र पाहिलं तर हाताला चारच बोटं! एक बोट गाळलं की हजारो चित्रांत तेवढी मेहनत वाचते, म्हणे. बघणारा मोजत बसत नाही.

एडिटरबाई मायाळू. डब्यातलं अर्धं मलाच वाढलं. नवरा काय करतो विचारलं, तर लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला म्हणाल्या, आणि तोंडावर हात दाबून खुदखुदल्या. काय बाई तरी! असो. समोरच्या पत्र्यावर एक मांजर कधीपासून कावळ्यावर टपलंय, ते बघून येतो.

९ जून
आज ट्रायल शो. बाहेरची माणसं बोलावून फुकट दाखवतात आणि दिग्दर्शक मागे बसून हशा ऐकतो. नायकाचं डोकं मिक्सरमध्ये गेलं, लोक ठो हसले. मग आतडी बाहेर आली, निम्मे हसले. पुढच्या रक्ताला नुसते खुर्च्या करकरल्याचे आवाज. दिग्दर्शक भडकला, अजून ओता म्हणाला. बाई म्हणाल्या, धक्का म्हणजे फुगा, एकदाच फुटतो. पडणारा कुणीतरी आपला वाटला तर माणूस पुन्हा हसेल, नाहीतर हे खाटकाचं दुकान. त्यावर तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, मग आणा की कुणीतरी आपलं माणूस.

बाईंनी मान खाली घातली. मला कधी गप्प बसवतं? मी दादाचं सांगितलं. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करायला चढला, वरून मला ‘ए बेडक्या’ अशी हाक मारली, हात हलवला, आणि हलवत हलवतच खाली आला. त्याला जाऊन चार वर्षं झाली. दिग्दर्शकाने माझ्या पाठीवर थाप मारली. बाईंनी दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही.

१७ जून
दादा पडद्यावर आला. माझ्याच पडण्यावरून काढलाय, पण चाल त्याची, हाक त्याची. टाकी, हात, धप्प! लोक अक्षरशः लोळले. मला रडू येईल असं वाटलं होतं. मीही हसलो. बरंच झालं ना? लोकांना हसवायला त्याला आवडायचंच.

२० जून
घरी फोन केला. दादाचा विषय निघाला की आई नाक ओढते, आणि मग मला जेवलास का विचारते. कायमचंच. आज मी नुसतं ‘दादा’ म्हणालो आणि ती फिस्सकन हसली. मग घाबरली. मला काय होतंय रे, म्हणाली, आणि पुन्हा हसली. ताईने फोन ओढून घेतला, आईला काय सांगितलंस मेल्या म्हणून खेकसली. मी दादाचं नाव घेतलं, आणि मग तीही —

२३ जून
दादाचा चेहरा आठवत नाही. पडद्यावरचाच येतो. पाकिटातला आमचा फोटो काढला. त्याचा हात माझ्या खांद्यावर. बोटं मोजली. अंगठा धरून चार.

बाईंना गाठलं. तो सीन काढून टाका म्हणालो. म्हणाल्या, काढून काय होणार? लोकांचं हसून झालंय. माझा नवरा तर पहिल्याच सिनेमात दिला मी. तो दिवस आठवून रडायला बसते आणि — डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. मग त्या ट्रायलच्या दिवशीच मला का नाही अडवलंत, विचारलं. तर म्हणाल्या, तू बोलायच्या आधी माझ्याच जिभेवर दुसरं कुणीतरी आलं होतं. माझी लेक. तू बोललास म्हणून ती सुटली.

२४ जून
दिग्दर्शकाचे पाय धरले. माझा भाऊ द्या. तो म्हणाला, अरे, उलट जिवंत केला की! पडतो, उठतो, पुन्हा पडतो. पण आता लोक कमी हसायला लागलेत. एकटा पडून भागायचं नाही. आईला टाकीवर घेऊन चढला तर — चित्रकार कामाला लागलेत म्हणे. आईचं चित्र कुणी — माझ्या पाकिटात आईचाही फोटो होता, तो नाही.

२५ जून
ताईचा फोन. कानाला धरूनच लिहितोय, हात थांबत नाही. ती धड बोलत नाही, मध्येच फिदीफिदी — दार वाजलं, आईने उघडलं. दादा आलाय. बेडक्या कुठाय विचारलं. आईचा हात धरून गच्चीवर गेला. ताईला खालून दोघं दिसतायत, टाकीवर. हात हलवतायत.

मी ओरडलो, बोटं मोज.

दादाची चार, म्हणाली. मग हसू दाबत — आईचीही —