कोऱ्या पाण्यातलं शिसं

६ जानेवारी, सोमवार

आले एकदाची सोलापूरला! जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनीत भरपूर ऊन, खाली रिक्षा. आठ महिन्यांच्या काव्यानं घरभर रांगून मालकी जाहीर केली. नवरा शिवानंद हुबळीलाच राहणार, पंधरा दिवसांनी येत जाणार; रुसलाय, पण रुसवा त्याचा त्यानंच काढावा. काव्याला सांभाळायला होटगीच्या नीलम्मा मिळाल्यात. निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलतात. मला धुतलेली भांडी पुन्हा धुताना बघून म्हणाल्या, बाई, तुमी लई धुता की! खरंच आहे. मी अशीच.

कामही माझ्या स्वभावाचं. सीना नदीच्या तीन ठिकाणांहून पाणी, तळाचा गाळ आणि मासे आणायचे आणि त्यात शिसं, क्रोमियम, कॅडमियम किती आहे ते मोजायचं. प्रयोगशाळा मृत्युंजय सरांची. मला तर मजाच वाटतेय.

१० जानेवारी

पहिली फेरी. होडी बिरदेवची, मासेही तोच धरून देतो. मी चिलापी चिरून यकृताचा तुकडा बाटलीत घातला, तर म्हणतो कसा, एवढ्याशानं कालवण कसं व्हायचं? हसून पोट दुखलं.

दर फेरीला एक ब्लँकही न्यायचा असतो. म्हणजे प्रयोगशाळेतलं शुद्ध, कोरं पाणी. काठावर ती बाटली मिनिटभर उघडायची, बंद करायची आणि परत आणून नदीच्या पाण्यासारखीच तपासायची. तिच्यात काही निघता कामा नये. निघालंच तर ती घाण नदीची नसते, हाताळणाऱ्याची असते. नऊ वर्षांत माझा ब्लँक एकदाही चुकलेला नाही, हे मी कुणाला न विचारता सांगत फिरते.

१७ जानेवारी

नदीत शिसं लिटरला एकतीस मायक्रोग्रॅम; पिण्याच्या पाण्यात दहाच्या वर चालत नाही. ब्लँकमध्ये चार.

बिरदेवला झापलं, बाटलीला तूच हात लावलास म्हणून. न्हाय मॅडम, मी वल्ह्यावरच हुतो की, एवढंच म्हणाला बिचारा. मग दिवसभर चुटपुट लागून राहिली.

२४ जानेवारी

ब्लँक तेरा. नव्या बाटल्या, नवे हातमोजे, पेटीला माझ्याशिवाय कुणाचा हात नाही. तरी शिसं, क्रोमियम, कॅडमियम तिन्ही आहेत आणि तेही नदीतल्याच प्रमाणात. सर म्हणाले, त्यात काय, ब्लँकचा आकडा नदीच्या आकड्यातून वजा करा, पद्धतच आहे तशी. पद्धत आहे, मान्य. पण ती चिमूटभर चुकीसाठी.

३१ जानेवारी

आज ब्लँक नदीवर नेलाच नाही. घरी ओट्यावर उघडला. अठ्ठावीस. बाटलीच्या तळाशी बोटभर काळा गाळ बसलाय. मी भरताना पाणी आरपार दिसत होतं.

४ फेब्रुवारी

सरांनी उघडलेला ब्लँक शून्य. मी उघडलेला एकोणतीस. म्हणजे मीच.

रक्त तपासून घेतलं. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहात. मग हे येतं कुठून? मी काव्याला दिवसातून पाच वेळा पाजते. आज दूध काढून तेही मशीनला लावलं.

एकवीस.

मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

७ फेब्रुवारी

अंगावरचं तोडलं. पावडरचं दूध नीलम्मा करतात, मी वाटीलाही हात लावत नाही. काव्या माझ्याकडे हात करून रडते आणि मी दारात उभी. नीलम्मांनी तिचा पापा घेतला आणि तोंड मागे घेतलं. मग हळूच म्हणाल्या, बाई, पोरीच्या तोंडाला गाळाचा वास येतोय की.

१२ फेब्रुवारी

नदी एकतीस, ब्लँक एकतीस. वजाबाकी शून्य. अहवालात नदी स्वच्छ. सर खूश.

बिरदेवच्या वस्तीवरची माणसं आता ते पाणी बिनधास्त पितील. ठाऊक असून सही केली. नदी स्वच्छ ठरली तर काम थांबेल. काम थांबलं तर कदाचित हेही मला सोडेल, काव्याला सोडेल. दुसरं काही सुचलं नाही.

१५ फेब्रुवारी

सोडलं नाही. बादलीत बोट बुडवलं आणि बघत राहिले — तळ दिसेनासा झाला.

काव्याला नीलम्मांबरोबर होटगीला पाठवलं. माझ्यापासून लांब. जाताना पापा घेतला नाही.

१९ फेब्रुवारी

नीलम्मांचा फोन. बरी आहे, खिदळते, वासही गेला. भिंतीला टेकून रडले. राहू दे तिकडेच. वर्षभर राहू दे. मोठी होईपर्यंत —

२१ फेब्रुवारी

काव्यानं खेळता खेळता नीलम्मांच्या घागरीत हात घातला. घागरीच्या तळाशी काळं. सुनेला उलट्या, नातीला उलट्या. नीलम्मांचा आवाज ओळखू येईना. बाई, तुमची पोर घिऊन जावा. आत्ताच्या आत्ता जावा.

मी एकटी नाही. आता तीही —

२२ फेब्रुवारी

आणली. शिवानंद येतो म्हणतोय. येऊ नको म्हटलं. का ते कसं सांगू —

तिच्यापुढे ब्लँक उघडून ठेवला, मी दाराबाहेर. तिनं हात लावला नाही. नुसती बघत होती.

चव्वेचाळीस. नदीपेक्षा जास्त.

२३ फेब्रुवारी

सकाळ. मला बघून हसली. खालच्या हिरडीवर पांढरं चमकलं. दात! पहिला दात! क्षणभर सगळं विसरले, धावत जाऊन उचलली, बोट लावून बघितलं.

मऊ आहे. बोटाला चिकटून निघून आला —

दात नाही. माशाचा खवला.

अजून आहेत. आत, टाळूला, ओळीनं — ती हसतेच आहे — जिभेच्या मागून काहीतरी वर येतंय, त्याचं तोंड उघडतंय, मिटतंय, उघड