उकळत्या पाण्याआधीची हाक

प्रिय आईस,

तुझी मार्ता बरी आहे. इथे समुद्रकाठच्या लाकूड गिरणीत काम मिळालंय, पोटभर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

तू विणलेलं दुपटं पोचलं. आपल्या येम्टलांडच्या निशाणावरचा एल्क, पाठीवर ससाणा आणि समोर कुत्रा, अगदी हुबेहूब उतरलाय. तान्ह्या ओलोफला त्यातच गुंडाळून निजवलं.

अंगणात उकळतं पाणी ओतण्याआधी मी अजून जमिनीखाली राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वित्रांना सांगते, "सरका गं बायांनो, भाजेल!" घरमालकीण हसते, "कुणाशी बोलतेस गं येडे?"

हसू दे. आई, बाळाचा ताप उतरलाच नाही. आता खाली आपलंही लेकरू आहे, म्हणून हाक जरा मोठ्यानं मारते.

तुझ्या कुशीला आसुसलेली,
मार्ता